क्लायंटची मॅच आणि माझ्या मंगळवारच्या सकाळी

मंडळी, ऑफिसातून आत्ताच मयूर विहारला घरी आलेय. डोकं सुन्न झालंय.

आमचा क्लायंट अमेरिकन. तिकडे सोमवारी रात्री टीव्हीवर त्यांच्या फुटबॉलची मोठी मॅच असते, तेव्हा इथे मंगळवार उजाडतो. संध्याकाळच्या कॉलवर गप्पा मारता याव्यात म्हणून मी कित्येक वर्षं पहाटे उठून ती बघतेय. त्याची लाडकी टीम मालकाने दुसऱ्या शहरात हलवली, तेव्हा त्याचे वडील रडले होते, हेसुद्धा मला पाठ आहे.

आज आधी मॅचवर हसतखेळत बोलला. मग म्हणाला, "तुमचं काम आम्ही दुसऱ्या देशात हलवतोय."

मी विचारलं, "आणि आमचं काय?"

"सॉरी, कोण बोलतंय?"

यार, खरं सांगा, तुमच्या क्लायंटला तुमचं नाव माहीत आहे?