हात केला की थांबणारी गाडी

आमचं इंग्लंडातलं गाव एका दमात सांगून होतं. एक रस्ता, एक पब, एक चिप्सचं दुकान आणि नजर पोचेल तिथवर सपाट कोबी. लेस्टरची मैत्रीण आली, "गाव कुठून सुरू होतं?" म्हणून विचारलंन, तोवर ते संपलं होतं. पण स्टेशन आहे, आणि त्याचा आम्हाला भारी माज. गाडी मात्र आपणहून थांबत नाही. एसटीला करतात तसा हात करायचा, नाहीतर ती तोऱ्यात निघून जाते.

माझ्या बाळंतपणाला आई पुण्याहून आली आणि आठवड्यात वैतागली. "माणसं कुठे ठेवलीत गं इथली? मला आपलं परत पाठव." मी घाबरले. नवरा हॉस्पिटलच्या शिफ्टवर, माझी पहिलीच वेळ, आणि ही निघाली.

दुसऱ्या दिवशी ती फिरत फिरत स्टेशनवर गेली. गाडी दिसल्यावर टाटा करायची तिची लहानपणापासूनची सवय. केला. गाडी कचकन थांबली, गार्डने दार उघडलं. एवढी गाडी आपल्यासाठी थांबली, आता नको कसं म्हणायचं? आई चढली, घरातल्या सपातांवर. मी मेली तिला बागेत, कोबीत, शेवटी पबमध्येसुद्धा शोधत होते.

पुढच्या स्टेशनावरून परतली ती खुशीत. "गार्ड चांगला आहे गं. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय बिचाऱ्याचं." मग ते रोजचंच झालं. माझ्यासाठी केलेले डिंकाचे लाडू त्याच्या गुडघ्याला गेले. परत जायचं मात्र नाव नाही. मुलगी झाली तेव्हा अख्ख्या डब्याला बर्फी वाटलीन.

शेवटी व्हिसा संपत आला. विमान रात्रीचं, तरी तिने आम्हाला सकाळीच फलाटावर आणलं. तिच्या खांद्यावर नात झोपलेली, म्हणजे हात मी करायचा होता. गाडी लांबून दिसली, जवळ आली. मला काही हात उचलवेना. गार्डला वाटलं आम्ही नुसत्याच आलोय. खिडकीतून मस्त टाटा करून तो निघून गेला.

"हात कोण करणार होतं?" आईने विचारलं.

"मी," म्हणाले आणि रडायलाच लागले.

तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मग पुढच्या गाडीलाही तूच कर. मला नाही जमायचं," म्हणाली आणि बाकावर बसली.