मुठीतला भंडारा

आमच्या घरात खरंखोटं करायचं तर खंडोबापुढचा भंडारा उचलायचा. हळद मुठीत धरून बोलायचं. खोटं बोलणाऱ्याच्या वंशावर देव कोपतो, असं सगळे मानायचे. मीही मानायचे. तरी खोटा उचलला.

हट्टा गावाजवळ आमचा आखाडा होता, म्हणजे शेतातलं बिऱ्हाड, त्यात मेंढरं. कोकरांच्या जाळीचं दार आम्ही दोघी जावांपैकी जिचा हात मोकळा असेल ती बांधायची. त्या संध्याकाळी शेवटी मी आत गेले होते आणि दार तसंच विसरून चुलीकडं वळले. पहाटे कुत्री शिरली. नऊ कोकरं गेली. सासरे लहान लेकरासारखे रडले आणि मग आम्हा दोघींना देवापुढं उभं केलं.

मी घरची थोरली. कामात वाघ, पण जीभ तिखट. धाकटीची भाकर करपली तरी चार घरांना ऐकू जाईल असं बोलायचे. आता माझीच चूक निघाली तर तोंड कुठं लपवू? मला सहावा महिना होता. त्याचाही विचार केला नाही मी. पुढं झाले, मूठ भरली, म्हणाले, "म्या दार बांधलं व्हतं."

धाकटी नुसती हळदीकडं बघत राहिली.

"तू काहून उचलून न्हाई राहिली?" सासऱ्यांनी विचारलं.

"न्हाई उचलत, मामा."

झालं. तेव्हापासून देवाच्या ताटाला तिनं हात लावायचा नाही असं ठरलं. चंपाषष्ठीला घरात तळी भरायची आणि ती दाराबाहेर उभी असायची. मला पोरगा झाला, धडधाकट. तिला मूल झालंच नाही. माझा पोरगा तिच्याच कडेवर वाढला. मला मात्र साध्या वरणात हळद टाकतानाही हात आखडायचा.

सोळा वर्षं गेली. सासरे वारले. धाकटीला दुखणं लागलं, वसमतचा दवाखाना झाला, डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. एका दुपारी तिचे पाय चेपता चेपता मी सगळं सांगून टाकलं. ती हसली.

"मला ठाव हाय, आक्का. तवाच ठाव व्हतं."

"मग गप काहून बसलीस, बाई?"

"म्या बी खरा भंडारा उचलला असता तर दोघींतली एक खोटी ठरली असती, देवाला तुमालाच धरावं लागलं असतं. पोटात लेकरू व्हतं तुमच्या."

मी तिच्या पायावर डोकं ठेवून रडले. साऱ्या भावकीपुढं सांगते म्हणाले. तिनं माझा हात घट्ट धरला. "नका सांगू. उद्या पोराला साधं पडसं आलं तरी लोक भंडाराच काढतील. माझं काय, सरलं आता."

आठवड्यानं ती गेली. दहाव्याला माझ्याच पोरानं डोकं भादरलं, तिचा पिंड ठेवला. बाया ओढ्याकाठी बसल्या होत्या. माझी चुलतसासू म्हणाली, "बाई गुणाची व्हती. पर देवाशी खोटी वागली, म्हणून कूस उजवली न्हाई. व्हय का न्हाई गं?"

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. पोरगा ओल्या अंगानं पुढ्यात उभा होता.

"व्हय," मी म्हणाले.