वहिनीनं काही विचारायचं नाही

आमची वहिनी मानसिक आजारांच्या दवाखान्यात सिस्टर आहे, आणि तिथल्या सिस्टर गणवेश घालत नाहीत. पेशंटला दडपण येऊ नये म्हणून साधेच कपडे घालतात. त्यामुळे ती कामावर कधी असते आणि कधी नसते हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. आणि खरं सांगू? तिलाही कळत नाही.

नवा पेशंट आला की त्याची पहिली गाठ हिच्याशी. गप्पा मारल्यासारखं बोलायचं आणि बोलता बोलता सगळं टिपायचं. कपडे धड आहेत का, नजरेला नजर देतो का, बोलण्यात मेळ आहे का, झोप कशी, भूक कशी, आज वार कोणता, आपण आत्ता कुठे आहोत. हे काम ती वर्षानुवर्षं करते आणि उत्तम करते, असं तिथले डॉक्टर सांगतात. सांगणारच. त्यांना काय जातंय? त्यांना तिच्याबरोबर घरी राहायचं नाहीये.

घरी काय होतं ते मी सांगते. एकदा नळ गळत होता म्हणून प्लंबर आला. तो बिचारा सिंकखाली डोकं घालून उताणा पडलेला, आणि वहिनी माझ्या कानाशी येऊन म्हणते, "नजरेला नजर देत नाही गं हा." मी म्हटलं, "अगं बाई, त्याची नजर पाइपवर आहे, ती तिथेच राहू दे!" पण ऐकेल ती वहिनी कसली? तो बाहेर आल्या आल्या तिनं हळूच विचारलं, "हल्ली झोप लागते का हो?" झालं! तो माणूस ओट्याला टेकून स्वतःच्या सासऱ्याबद्दल इतका वेळ बोलला, इतका वेळ बोलला, की नळ त्या दिवशी गळायचा तो गळतच राहिला. जाताना वहिनीच्या पाया पडायचाच काय तो बाकी होता.

दादाचे हाल तर विचारूच नका. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. चष्म्यांचं दुकान चालवतो, स्वभावानं अगदी गरीब. मंगळवारी त्याला चुकून बुधवार वाटला, की वहिनी हातातलं काम खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहते. मग त्याला लक्षात ठेवायला तीन शब्द देते, छत्री, चमचा, कुलूप, आणि जेवणं झाल्यावर ते परत विचारते. आम्हा दोघांनाही ते शब्द इतके पाठ झालेत की उद्या वेड लागलं तरी ते विसरणार नाही.

बरं, ही बसते कुठे? कायम दाराजवळ. समोरच्याला कोंडल्यासारखं वाटू नये आणि वेळ आलीच तर आपल्यालाही पटकन बाहेर पडता यावं, असा त्यांच्या वॉर्डातला नियम आहे. वॉर्डात ठीक आहे हो! पण ही हॉटेलातही तशीच बसते आणि वेटर तिच्या खुर्चीला अडखळतात. आमच्या बाथरूमची कडीसुद्धा तिनं बदलून घेतली आहे. बाहेरून नाण्यानं फिरवली की उघडते. आत कोणी चक्कर येऊन पडलं तर, म्हणे! आमच्याकडे आजवर कोणी चक्कर येऊन पडलेलं नाही. मी अंघोळ करताना मोठ्यानं गाणं म्हणते ते हौस म्हणून नाही, आत माणूस आहे हे घरात कळावं म्हणून.

तर अशा घरात मला लिफ्टवाल्याला आणायचं होतं.

लिफ्टवाला म्हणजे ज्याच्याशी मला लग्न करायचं होतं तो. मी विमा कंपनीत तक्रारींच्या खिडकीवर बसते, त्यामुळे राग माझ्या नाकावरच असतो. एकदा आमच्या ऑफिसची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आत मी एकटी. मी जे तोंड सोडलं, ते लिफ्ट बनवणाऱ्यापासून इमारतीच्या मालकापर्यंत एकालाही सोडलं नाही. तेवढ्यात वरून दुरुस्तीवाल्याचा शांत आवाज आला, "बाई, तुमचं सगळं ऐकू येतंय. चालू द्या. फक्त बटणं दाबू नका." मी बटण सोडलं आणि तिथेच प्रेमात पडले. चाळिशी उंबरठ्यावर आली असताना माणसानं दुसरं करायचं तरी काय?

त्याला आईवडील नव्हते. एक धाकटा भाऊ होता, तो आमची ओळख व्हायच्या थोडं आधी अपघातात गेला होता. त्याबद्दल तो बोलत नसे. बाकी माणूस एवढा हसरा, की मीही कधी खोदून विचारलं नाही. दोघा भावांना वाढवलं ते आत्यानं. आत्या निवृत्त मुख्याध्यापिका. मुलीचं घर बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही, असं तिनं बजावलं होतं, आणि आत्या नाही म्हणाली तर आपलं जमणार नाही, असं त्यानं मला बजावलं होतं. म्हणजे माझं सगळं गणित एका रविवारच्या दुपारीवर येऊन ठेपलेलं.

म्हणून आदल्या दिवशी मी वहिनीला समोर बसवलं. "वहिनी, उद्या तू सिस्टर नाहीस. झोप विचारायची नाही, भूक विचारायची नाही, वार तर मुळीच विचारायचा नाही. काहीच विचारायचं नाही. शपथ घे."

"चहात साखर किती, ते विचारू?" ती म्हणाली.

"ते दादा विचारेल!"

तिनं शपथ घेतली. आणि रविवारी ती खरंच गप्प बसली, तीच मोठी चूक झाली. कारण गप्प बसणं हाही त्यांच्या कामातलाच भाग असतो, हे मला कुठे माहीत? समोरच्याकडे मायेनं बघायचं, मान हलवायची आणि शांतता मोडायची नाही. मग समोरचाच बोलायला लागतो. आत्या आल्या, ताठ बसल्या, घरावरून नजर फिरवली. वहिनी बघत राहिली. आत्यांनी घसा खाकरला. वहिनीनं मान हलवली. एवढ्यावर आत्या गुडघ्याबद्दल बोलायला लागल्या, गुडघ्यावरून शेजारणीवर गेल्या, शेजारणीवरून शाळेतल्या एका शिपायावर, ज्याला त्यांनी उगाच कामावरून काढलं होतं. "हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही," असं म्हणून त्या एकदम दचकल्या आणि बाथरूम कुठे आहे ते विचारू लागल्या.

आणि वहिनी पाठोपाठ उठली. मी डोळे वटारले, तिनं ते बघितलेच नाहीत. बाहेरून आवाज दिला, "आत्या, ठीक आहात ना?" आतून, "हो!" थोड्या वेळानं परत, "आत्या, ठीक ना?" आतून काहीच नाही. तिसऱ्यांदाही उत्तर आलं नाही तेव्हा तिनं कडीत नाणं घातलं. पुढचं मी सांगत नाही. आत्यांनी फोडलेली किंकाळी खालच्या मजल्यावरच्यांनी ऐकली, एवढंच सांगते.

"तुमच्याकडे पाहुण्यांना बाथरूममध्येही एकटं सोडत नाहीत का?" आत्या लालबुंद होऊन बाहेर आल्या. दादा साखर किती, साखर किती, असं दोनदा म्हणाला. लिफ्टवाला पोट धरून हसत होता. मी म्हटलं, चला, हा तरी आपल्या बाजूनं आहे. आत्यांना मी कशीबशी परत बसवलं, केक पुढे केला, आणि तो कापायला सुरी शोधली तर वहिनीनं घरातल्या सगळ्या सुऱ्या कपाटात बंद करून ठेवलेल्या! पाहुणे आले की ती तसं करते, सवयच आहे. चमच्यानं केक कापता कापता माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात वहिनी बोलली. आत्यांशी नाही, लिफ्टवाल्याशी.

"पट्ट्याला नवी भोकं पाडलीत?"

तो हसला. "हो, खिळ्यानं पाडली."

मला वाटत होतं तो लग्नासाठी बारीक होतोय. मनातून खूशच होते मी.

"सँडविचचे तुकडे तुकडे केलेत, खाल्लं काहीच नाही," वहिनी म्हणाली. "झोप येते?"

"वहिनी!" मी ओरडले.

"तशी येते, पहाटे पहाटे," तो म्हणाला, अजून हसतच.

आणि मग तिनं विचारलं. अगदी साध्या आवाजात, दूध संपलंय का विचारावं तसं. "जगणं नको, मरून जावं, असं वाटतं का कधी?"

दादानं कप खाली ठेवला. आत्या ताडकन उभ्या राहिल्या. "माझ्या भाच्याला वेडा ठरवताय? ऊठ रे, चल!" माझं तर डोकंच फिरलं होतं. आता काहीतरी बोलून हे सगळं हसण्यावारी न्यायचं, म्हणून मी तोंड उघडलं, तर वहिनीनं न बघता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि असा दाबला की माझी बोलती बंद. ती त्याच्याकडेच बघत होती. ती शांतता मला सोसवत नव्हती, खरंच सांगते.

तो उठला नाही. हसायचा थांबला.

"वाटतं," तो म्हणाला. "भाऊ गेल्यापासून वाटतं. लिफ्टच्या वर मशीनची खोली असते ना, तिथून खालपर्यंत सगळं दिसतं. काम संपलं तरी मी तिथेच उभा राहतो."

"शेवटचं कधी?"

"गुरुवारी रात्री."

गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघांनी आइस्क्रीम खाल्लं होतं. तो इतका हसवत होता की माझं अर्धं आइस्क्रीम साडीवर सांडलं.

"आत्ता वाटतंय?"

"आत्ता नाही."

"वाटलं तर सांगाल कोणाला?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, आत्यांकडे बघितलं. "माहीत नाही," म्हणाला.

आत्या मटकन खाली बसल्या. मुख्याध्यापिकेचा आवाज कुठल्या कुठे गेला. "रात्री हा घरभर फिरतो. मला ऐकू येतं," त्या वहिनीला म्हणाल्या. "मी विचारलं नाही. म्हटलं, विचारलं तर नको ते डोक्यात यायचं."

"विचारल्यानं येत नाही, आत्या. असेल तर बोलता येतं, एवढंच."

मग वहिनीनं भराभर सगळं ठरवून टाकलं. उद्या सकाळी दवाखान्यात यायचं, तिच्याबरोबरच, डॉक्टरांना ती सांगून ठेवते. आज रात्री आत्यांच्याच घरी, आत्यांच्याच खोलीत झोपायचं. आणि उंचावरचं काम तूर्त बंद, हे त्याच्या साहेबाला त्यानंच फोन करून सांगायचं, आत्ता, तिच्यासमोर. त्यानं मुकाट्यानं फोन केला. दादाला तिनं चहा परत गरम करायला पाठवलं. एरवी मी म्हटलं असतं, बघा हिची दादागिरी! पण त्या दुपारी ती जे सांगेल ते सगळ्यांना हवं होतं.

सगळं झाल्यावर आत्या पदर सावरत म्हणाल्या, "मला पण विचार."

"काय, आत्या?"

"तेच. ह्याला विचारलंस ते. गेला त्यालाही मीच वाढवला होता ना? मला अजून कोणी विचारलं नाही."

वहिनीनं खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं. आत्यांनी काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, कारण दादानं मला आणि लिफ्टवाल्याला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. दादाला एवढं सुचलं, त्याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

आमचं लग्न पुढे ढकललं, पण झालं. गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या, त्याची झोप हळूहळू परत आली, मग झालं. आत्या आता दर रविवारी येतात. मला म्हणतात, तुझ्या जिभेला हाड नाही, आणि वहिनीशी तासन् तास बोलत बसतात. मी वहिनीला अजूनही रोज बडबडते, कारण तिनं काल इस्त्रीवाल्याला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि त्या नादात तो माझी साडी जाळून बसला.

पण त्या दुपारी स्वयंपाकघरात लिफ्टवाला ओट्याशी उभा होता, मान खाली घालून. म्हणाला, "आता तुला नको असेल तर स्पष्ट सांग. मी समजू शकतो."

मला रागच आला, एवढा राग मला त्या अडकलेल्या लिफ्टमध्येही आला नव्हता. पण शिव्या काही आल्या नाहीत. मी त्याचा शर्ट मुठीत धरला आणि म्हटलं, "गुरुवारी रात्री मी घरीच होते रे. फोन करायचास ना."