भागाबाईची आंब

आमच्या भागाबाईंना हवामानाचं काही सांगायला जाऊ नका. त्या सगळं ऐकून घेतील, डोईवरचा पदर सारखा करतील आणि म्हणतील, "झालं तुमचं? आता माझं आयका." भागाबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. गाव काय काय म्हणतं ते मी सांगणार नाही, मला त्याच घरात नांदायचंय. शिरड शहापूरकडून आमच्या गावाला आलं की वेशीपासूनच त्यांचा आवाज ऐकू येतो, एवढं सांगितलं तरी पुरे.

यंदाच्या डिसेंबरात मोबाईलवर रोज एकच बातमी. हवामान कोरडं, थंडी बेताची, आभाळ निरभ्र. आमचे हे, म्हणजे हनुमान, ती रोज सकाळी चहा पिताना मोठ्यानं वाचायचे. गाव खूश होतं. ढग नाहीत म्हणजे घाटेअळीची धास्ती नाही, तूर वाळायला चांगली. मला मात्र ती बातमी ऐकून रडू यायचं.

का, ते सांगते. मला तिसरा महिना होता. मागच्या वर्षी चौथ्यात पोटातलं गेलं होतं, त्यामुळे घरात कुणी ह्या वेळी तोंडानं काही बोलत नव्हतं, नुसते माझ्या ताटाकडे बघायचे. आणि ताटातलं काही पोटात ठरत नव्हतं. नर्सबाईंनी काट्यावर उभं केलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "दीपमाला, वजन उतरलंय. काहीही खा, पण खा." खाऊ काय, डोंबल! भाकरीचा नुसता वास आला तरी मी मोरीकडे पळत होते.

एका संध्याकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या मी बोलून गेले, "हरभऱ्याची आंब असती ना, बोटभर, तर भाकर गेली असती." माझी आई ठेवायची. आई जाऊन सहा वर्षं झाली. मी आपली स्वतःशीच बोलले होते.

हरभऱ्याच्या पानांवर आंबट खार असतो. रात्री त्यावर दव पडतं. पहाटे पांढरं सुती कापड पिकाच्या शेंड्यांवरून ओढत न्यायचं, भिजलं की काचेच्या बाटलीत पिळायचं. ती आंब. पण त्याला दव पाहिजे. दवाला थंडी पाहिजे, ओल पाहिजे. आणि यंदा दोन्ही नव्हतं.

आत्याबाईंनी पीठ मळायची काटवट बाजूला सारली. "इतकंच ना? आठ दिवसांत बाटली देते."

"आई, दव पडून नाही राहिलं," हे म्हणाले. "हे बघ ना, मोबाईलवर…"

"तुज्या मोबाईलला आभाळ दिसते. भुई न्हाई दिसत." विषय संपला.

मामंजींचं जुनं धोतर धुऊन वाळवलं आणि पुढच्या पहाटे झुंजुमुंजू व्हायच्या आत बाई शेतात. परत आल्या तेव्हा धोतर कोरडं ठणठणीत. "उद्या पडंल," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आमच्या शेजारच्या शेतातल्या कमलबाई धुऱ्यावरून, म्हणजे मधल्या बांधावरून, ओरडल्या, "भागाबाई, धोतर वाळवायला इतक्या लांब काहून येता? घरी दोरी न्हाई का?"

"तुमी तुमचं बघा!" आत्याबाई ओरडल्या. घरी येऊन मला म्हणाल्या, "उद्या पडंल." त्यांच्या आवाजात तसूभर फरक नव्हता. मला चीड यायची आणि धीरही यायचा, दोन्ही एकदम.

पाचव्या दिवशी आमच्या ह्यांना उमाळा आला. आईला न सांगता संध्याकाळभर हरभऱ्यावर स्प्रिंकलर चालवला. पहाटे धोतर निथळत होतं. बाटली गळ्यापर्यंत भरली. हे असे छाती काढून उभे, जणू विहीर खणून आले. मी बोट बुडवून चाटलं. पाणी. निव्वळ बोअरचं पाणी.

आत्याबाईंनीही चाटलं. मग जे सुरू झालं! "आरं मुडद्या, पानावरची सगळी आंब धुऊन मातीत घातलीस की! पाणी मुळाला द्याचं असते, शेंड्याला न्हाई! आता दहा-बारा दिवस ह्या वावरात काय बी न्हाई!" हे बिचारे खाली मान घालून बाटलीकडे बघत राहिले. मला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. दहा-बारा दिवस म्हणजे माझा चौथा लागणार होता.

त्या दिवशी मी दुपारपर्यंत पडूनच होते. आत्याबाई आल्या, उशाशी बसल्या. म्हणाल्या, "कमलबाईचा हरभरा वढ्याकाठी हाय. पाट सोडून पाणी देऊन राहिली ती. खाली ओल, वर पान कोरडं. तिथं दव पडंल."

"मग मागणार तुम्ही? कमलबाईंना?"

भागाबाईंनी आजवर कुणाच्या दारात जाऊन काही मागितलेलं गावाला ठाऊक नाही. विरजणसुद्धा नाही. आणि कमलबाईंशी तर बोलणं म्हणजे धुऱ्यावरून ओरडणं एवढंच. त्या उठल्या, चप्पल घातली आणि गेल्या.

काय बोलल्या ते मला कमलबाईंनीच नंतर सांगितलं. दारात उभ्या राहून म्हणाल्या म्हणे, "माज्या सुनंला आंब पायजे. तुमच्या वावरात येऊ द्या." बस. पुढं-मागं काही नाही. कमलबाई म्हणाल्या, "आवं, मग इतके दिस तिकडं कोरड्यात काय करून राहिला होता? एकटीनं धोतर वढून पान तुटतेत. मी एक टोक धरते."

पाच पहाटे दोघींनी धोतराची दोन टोकं धरून ओढ्याकाठचा हरभरा पालथा घातला. मोबाईल रोज कोरडंच म्हणत होता आणि ते खोटंही नव्हतं, आमच्या वावरात टिपूस नव्हता. पाचव्या दिवशी बाटलीत चार बोटं आंब आली.

आत्याबाईंनी गरम भाकर मोडली, वर मीठ, वर चमचाभर आंब. मी डोळे मिटून घास घेतला. जीभ चरचरली, कानशिलं झिणझिणली, आणि घास खाली उतरला. दुसरा उतरला. अर्धी भाकर गेली. आम्ही दोघी मोरीकडे बघत बसलो. पोट गप्प होतं. मी उरलेली अर्धीही खाल्ली.

तेव्हा माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. टाचांच्या भेगा लालभडक झाल्या होत्या. आंब चिरलेल्या पायाला अशी झोंबते की चालवत नाही. मी म्हटलं, "आत्याबाई, चप्पल तरी घालायची!"

"चपलीनं रोप मोडते दुसऱ्याचं." मग सहज बोलावं तशा म्हणाल्या, "मला सवय हाय. हनुमानच्या वक्ताला शेवटच्या महिन्यापस्तोर लोकाच्या हरभऱ्यात खुरपायला जात होते. लई वाटायचं, कुणी जराशी पिळून द्यावी."

"दिली कुणी?"

"कोण देते? आंब पायाला लागायची, तोंडाला न्हाई."

मी त्यांचा हात ओढला आणि तळव्यावर बाटली वाकडी केली.

"आगं, सांडती ना! येडी का खुळी! तुज्यासाठी हाय ते!"

"चाटा आधी."

त्यांनी दारातून बाहेर कुणी बघत नाही ना ते पाहिलं, मग तळवा चाटला. सगळं तोंड आकसलं, डोळ्यांतून पाणी आलं. पदरानं पुसत म्हणाल्या, "लई आंबट हाय गं."

बाहेर ओसरीवर हे मोठ्यानं वाचत होते. पुढचा आठवडा कोरडा. आत्याबाईंनी बाटलीला बूच लावलं आणि मला म्हणाल्या, "धोतर धुऊन टाक. उद्या बी पडंल."