सगळी इंग्रजी काढून टाक!

समोरच्याने जेवढं विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं, असा माझा नियम होता. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, घरात नवा कॉम्प्युटर होता, आणि रायपूरच्या अख्ख्या बूढापाऱ्यात अक्कल मला एकटीलाच मिळाली आहे याबद्दल मनात शंका नव्हती. (तोंडाने बोलत नसे. लाजरी मुलगी अशी माझी ख्याती होती. लाजऱ्या मुलींच्या मनात काय चाललंय ते कुणी विचारत नाही, ते बरंच आहे!)

भोपाळपासून वेगळं होऊन रायपूरचं राज्य नवं झालं होतं आणि दोन्हीकडे सरकारी कर्मचाऱ्यांची वाटणी सुरू होती. बाबांचं नाव भोपाळच्या यादीत निघालं. 'रायपूरलाच ठेवा' असा अर्ज त्या दिवशी पाचच्या आत साहेबांच्या टेबलावर पोचायला हवा होता. बाबांनी तो गल्लीच्या टोकाला शकुन दीदींच्या टायपिंगच्या दुकानात हिंदीत टाइप करून घेतला आणि फ्लॉपीत घालून घरी आणला. तिथेच छापून का घेतला नाही? कारण घरी प्रिंटर होता!

सव्वाचारला हाक आली. "अवं पोट्टे, धाव! अर्जात सारी इंग्रजी घुसली!"

पडद्यावर खरंच lsok esa, egksn; असलं काहीतरी पानभर पसरलं होतं.

"वाच ना," बाबा म्हणाले. "कॉन्व्हेंटात काहून घातलं तुले?"

"ही इंग्रजी नाही. कचरा आहे."

"मंग काढून टाक! सारी इंग्रजी एकदम कशी काढतेत?"

किती बाळबोध प्रश्न! मी दोन बटणं दाबून सगळं निवडलं, तिसरं दाबून पुसलं, आणि काम अर्धवट सोडायची सवय नसल्याने फ्लॉपीवर सेव्ह करून फाइल बंदही केली. चार सेकंद. कौतुकाची वाट पाहत उभी राहिले.

बाबांनी फाइल पुन्हा उघडून प्रिंट काढली. स्वच्छ, पांढरा, कोरा कागद आला.

"अर्ज कुठं गेला?"

"तुम्हीच म्हणालात, सगळी इंग्रजी काढ."

"अवं, पण त्याच्या खाली हिंदी होती ना!"

"खाली काही नसतं, बाबा," मी तुच्छतेने म्हणाले. (आयुष्यातलं माझं शेवटचं तुच्छ वाक्य, असं लिहायला आवडलं असतं.)

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "घ्या! बाप भोपाळले चालला, अन् पोट्टी नियम सांगून राहिली!"

आम्ही दोघांनी स्कूटरवरून दुकान गाठलं तेव्हा साडेचार झाले होते. बाबांनी फ्लॉपी दीदींच्या नाकासमोर नाचवली. "दीदी, इसमें नीचे की हिंदी ऊपर कैसे लाते हैं?"

असल्या प्रश्नाला मी 'आणता येत नाही' एवढंच उत्तर दिलं असतं. दीदींनी फ्लॉपी हातातही घेतली नाही. "चाचाजी, आपको चाहिए क्या?"

"अर्ज! पाँच बजे के पहले!"

"हव," दीदींनी मान डोलावली. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये प्रत होतीच. मिनिटभरात कागद बाबांच्या हातात आला आणि स्कूटर सुटली. मी मागेच राहिले.

"दीदी, आपकी फाइल खराब थी," मी पुटपुटले.

"क्या दिख रहा था?"

"एल, एस, ओ, के..."

"सेवा," दीदी म्हणाल्या. "आगे ई, एस, ए होगा. सेवा में. अर्जी बिल्कुल ठीक थी. आपके यहाँ हिंदी का फॉण्ट नहीं डला है, इसलिए वही अक्षर अंग्रेज़ी में दिखे, बस."

मी कचरा म्हणून पुसलेलं ती बाई घडाघडा वाचत होती! आणि शिकली होती किती, तर टायपिंगचा सहा महिन्यांचा कोर्स.

बाबा पाचला पाच मिनिटं कमी असताना पोचले. अर्ज मंजूर झाला, ते रायपूरलाच राहिले. त्यामुळे घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ही गोष्ट सांगायला मोकळेही राहिले. शेवटी माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "जेवढं सांगा तेवढंच करते, स्वतःचं डोकं लावत नाही. कॉम्प्युटरच आहे आमची पोट्टी!"

पाहुण्यांना ती स्तुती वाटते. मीही लाजून खाली बघते.