दोन्ही हात गुंतवणारं मशीन

वादळात आमच्या चिखल्याच्या वाडीतली सुरूची झाडं पडली. बंबाला वर्षभर पुरेल एवढं लाकूड झालं, म्हणून ओंडके फोडायचं हायड्रॉलिक मशीन बघायला मी डहाणूला गेलो. दुकानात माझ्याआधी एक जोडपं आलं होतं. नवरा दुकानदाराशी बोलत होता. बायको पदर कमरेला खोचून गप्प उभी होती आणि तिची नजर नवऱ्याच्या हातांवरून हलत नव्हती.

"हे एका हाताने चालतं, काम पटापट," दुकानदार म्हणाला आणि त्याने मशीन सुरू केलं. नवऱ्याने उजव्या हाताने दांडा दाबला. गाठीचा ओंडका डगमगायला लागला, तसा त्याने डावा हात त्यावर ठेवला. ओंडका पात्यावर दाबला गेला, करकरला, तिरका झाला.

"अहो, हात!"

ती किंचाळली आणि तिने त्याचं मनगट धरून मागे खेचलं. त्याच क्षणी ओंडका फुटला आणि त्याची बोटं होती तिथेच अर्धा तुकडा लोखंडावर आदळला.

दुकानदाराने मशीन बंद केलं. तिने नवऱ्याचा पंजा उलटसुलट करून पाहिला, पण सोडला नाही.

"दोन्ही हात गुंतवणारं मशीन दाखवा," ती म्हणाली.

"दोन दांड्यांचं आहे ताई, दोन्ही एकदम दाबले तरच चालतं, पण हळू चालतं."

"चालू दे. आमच्याकडे कोणाला घाई नाही."

नवऱ्याने मान हलवली. मीही तेच घेतलं; ती किंचाळी ऐकल्यावर दुसरं घ्यायची माझी हिंमत नव्हती.

मग कुठे ती मटकन स्टुलावर बसली. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, पण थरथरत्या बोटांत तिला तो धरता येईना. शेवटी नवऱ्यानेच तो तिच्या ओठांना लावला.