पाय झटकून उतरायचे

चौक गावाहून कर्जत आणि तिथून रिक्षाने पोशीर, टेकडीवरची चित्रे पाहायला. भात झोडून झाले होते. जमीनमालक सुमनबाईंनी आधी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे केली, मग गावामागच्या टेकडीवर नेले.

वर कातळाची कपार (खडकाखालचा उघडा आडोसा) आहे. भिंतीवर हरणे, माणसे, हाताचे पंजे, सगळे पांढरे. एका जागी पांढरा थर सुटला होता, खाली गेरूने काढलेल्या जुन्या हरणाचा फिकट पाय दिसत होता.

“पुसट झालं की देव रुसतो. म्हनून दर साली नव्या तांदळाच्या पिठानं गिरवतो आमी,” सुमनबाई म्हणाल्या.

गेल्या वर्षी पुरातत्त्व खात्याकडून तपासणीला आलेल्या साहेबांनी पीठ पाहून ‘अलीकडील रंगकाम’ असा शेरा मारला. त्यामुळे कपारीला संरक्षण नाही, आणि टेकडीवर होणाऱ्या बंगल्यांचा रस्ता इथूनच आखला आहे.

“भिंतीकडंच बघून गेला. खाली कोन बघतंय?” सुमनबाई म्हणाल्या.

खालची जमीन कधी कुणी झाडलेली नाही. इथली माती गावात न्यायची नाही, उतरताना पाय झटकायचे, असा रिवाज आहे. पागोळ्यांनी माती धुपली तिथे नखाएवढी दगडी पाती उघडी पडली आहेत. धातू येण्याआधीचे शिकारी ती लाकडात बसवत. पात्यांचा काळ ठरतो तो ती मातीच्या ज्या थरात सापडतात त्यावरून. थर हलला की पुरावा संपला.

तेवढ्यात गावातलाच जमीन-दलाल रवी फक्की (चुन्याची पूड) घेऊन आला आणि रेघ ओढू लागला.

“काकी, पिठाच्या चित्रांसाठी अडवता व्हय?”

“चित्रं ने की रं खरवडून, पुन्ना काढू. मातीला हात लावू नको.”

“रस्त्याला सगळ्यांच्या सह्या झाल्यात.”

“माजी नाय. रस्ता कपारीच्या खालच्या अंगानं ने.”

“सोमवारी जेसीबी येतोय.”

“येऊ दे. मी हितंच भाकरी घेऊन बसनार हाय.” त्यांनी रेघ पायाने पुसली. रवी हसत उतरला, पण फक्कीची पिशवी विसरला.

निघताना मी बूट झटकले. तळव्यातून एक पाते पडले. मी ते उचलले.

“ठेवा तितंच.”

“एकच, लोकांना दाखवायला.”

“मंग तुमी बी रवीच की!”

मी ते ठेवले. चौकला चहा घेताना बुटांचे तळवे पुन्हा तपासले. काही नव्हते. त्यामुळे दाखवायला माझ्याकडे काही नाही. ज्याला पाहायचे असेल त्याने सोमवारी पोशीरच्या टेकडीवर यावे, सुमनबाईंशेजारी बसावे आणि पाय झटकून उतरावे.